डोळ्यातले वाहते रक्त कसे पाहतात?

चीर न देता शरीरातल्या रक्तवाहिन्या पाहायच्या असतील, तर डोळ्याच्या मागच्या पडद्याइतकी, म्हणजे दृष्टिपटलाइतकी, सोयीची जागा नाही. १८५१ साली हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने आपला नेत्रदर्शक जगापुढे ठेवला. तेव्हापासून डॉक्टर बाहुलीतून आत डोकावत आले आहेत. वाहिन्यांचे तांबडे जाळे त्यांना दिसते. पण त्यातून रक्त किती वेगाने वाहते, ते नुसत्या पाहण्याने समजत नाही. नकाशावर नदी दिसते, तिचा ओघ थोडाच दिसतो?

हा ओघ जाणून घेण्याची निकड काचबिंदूत विशेष आहे. पुष्कळजण मोतीबिंदू आणि काचबिंदू यांत गल्लत करतात. मोतीबिंदूत डोळ्याचे भिंग गढूळ होते. ते काढून कृत्रिम भिंग बसवले की पुन्हा दिसू लागते. काचबिंदूत मात्र डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस झिजते. तिच्यात सुमारे १० ते १२ लाख तंतू असतात, आणि मेलेला तंतू पुन्हा उगवत नाही. बहुतेकांची नजर आधी कडेने जाते, तीही न दुखता. त्यामुळे रोग्याला कितीतरी दिवस पत्ताच नसतो.

डोळ्यातील द्रवाचा दाब वाढतो आणि नस चेपली जाते, असे याचे कारण सांगतात. हा दाब सामान्यतः पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरइतका असतो. कारण खोटे नाही, पण अपुरे आहे. जपानमधील ताजिमी शहरातल्या पाहणीचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. तेथे या रोगाच्या नेहमीच्या, हळूहळू वाढणाऱ्या प्रकारच्या दर १०० रुग्णांपैकी ९२ जणांचा दाब २१ च्या वर नव्हता! मग नस झिजली कशाने? तिला रक्त कमी पडत असेल काय?

रक्ताचा मार्ग स्पष्ट दिसावा म्हणून १९६१ साली अमेरिकेत नोव्होट्नी आणि अल्विस या वैद्यकीय विद्यार्थ्यांनी एक युक्ती प्रसिद्ध केली. दंडातल्या शिरेत फ्लुओरेसीन नावाचा रंग टोचायचा आणि तो डोळ्यात पोचला की फोटो घ्यायचे. ही तपासणी आजही उपयोगी आहे. पण सुई आलीच, आणि काहींना रंगाने मळमळते.

सुई टाळणारी युक्ती लेसरने दिली. लेसरचा ठिपका पांढऱ्या भिंतीवर पडला, की तो रवाळ, वाळू पसरल्यासारखा दिसतो. (लेसर कोणाच्याही डोळ्यावर कधी रोखू नका! दवाखान्यातील यंत्राचा प्रकाश मोजूनमापून मंद ठेवलेला असतो.) भिंतीच्या खडबडीत कणांवरून परतलेल्या लहरी कोठे एकमेकींना जोर देतात, कोठे एकमेकींना मारून टाकतात, म्हणून हे उजळ-काळे कण दिसतात. आता भिंतीच्या जागी धावत्या तांबड्या पेशी आहेत असे समजा. कण क्षणोक्षणी बदलतील, आणि फिरत्या पंख्याच्या पात्यांसारखा फोटो पुसट येईल. जितका पुसट, तितके रक्त वेगवान! फेर्चर आणि ब्रायर्स यांनी १९८१ साली ही कल्पना मांडली. तेव्हा फिल्म धुवावी लागे. आता संगणक काही सेकंदांत रंगीत नकाशा काढून देतो.

दुसऱ्या एका यंत्रात एकाच जागेची प्रकाशचित्रे लागोपाठ घेतात. जे बदलले ते वाहते रक्त, बाकीचे स्थिर ऊतक. त्यातून केसाहून बारीक वाहिन्याही दिसतात.

या यंत्रांनी काचबिंदूच्या डोळ्यांत पाहिले, तेव्हा नसेभोवतीच्या बारीक वाहिन्या विरळ आणि रक्ताचा ओघ मंद आढळला. झाला उलगडा? नाही! रक्त कमी पडले म्हणून तंतू मेले, की तंतू मेल्यावर त्या जागी रक्ताची गरजच उरली नाही? आधी कोंबडी की आधी अंडे, तशातली ही गत आहे. शिवाय पुसटपणावरून मिळणारा आकडा तुलनेपुरता असतो. रामचा आकडा शामच्या आकड्याशी ताडून पाहणे धोक्याचे. तोच डोळा पुन्हा पुन्हा तपासावा, हे बरे.

आजवर खात्रीने गुणकारी ठरलेले सारे उपचार, मग ते थेंब असोत, लेसर असो वा शस्त्रक्रिया, दाबच उतरवतात. पण दाब उतरूनही काहींची नस झिजतच राहते. अशांच्या डोळ्यांतला ओघ आधी मंदावतो की नस आधी झिजते, हे शोधायला तेच डोळे वर्षानुवर्षे तपासावे लागतात, आणि ते काम सध्या चालू आहे.