उपकर गेला, माती तशीच

२०२५ च्या पावसाळ्यात दोन महिन्यांच्या अंतराने दोन गोष्टी घडल्या. २४ जुलैला केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची यादी दर सहा महिन्यांनी द्यायची, प्रदूषण मंडळाने ती तपासायची, दोषी सापडला तर सफाईचा खर्च त्याच्याकडून, नाहीतर केंद्र आणि राज्याने मिळून सोय करायची. मग २२ सप्टेंबरला जीएसटीच्या फेररचनेत कोळशावरचा टनामागे ४०० रुपयांचा उपकर निघाला. पहिल्या बातमीचं स्वागत झालं, दुसरी व्यापारी पानावर गेली. भिवंडीपुरतं बोलायचं तर दुसरी जास्त झोंबावी अशी आहे, कारण हा उपकर जन्माला आला तो स्वच्छतेच्या नावाने, आणि सफाईचा नियम आल्यावर दोन महिन्यांतच त्याचा मागमूसही उरला नाही.

यंत्रमागांचा जुना इतिहास पुष्कळांनी लिहिलाय, तो इथे उगाळत नाही. मागांपाठोपाठ सायझिंग आणि डाईंग आलं, रंगाचं पाणी कामवारी नदीत जात राहिलं, २००२ च्या सुमारास नगरपालिकेची महापालिका झाली, पाणी जातच राहिलं. खरा हिशेब मागायचा तो २००७ ते २०१७ या दशकाचा. २००७ मध्ये भोवतालच्या ६० गावांचं नियोजन मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (एमएमआरडीए) गेलं. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, माणकोली ही नावं ट्रकवाल्यांच्या तोंडी बसली ती गोदामांमुळे. गोदाम बांधताना माती भार पेलेल का, एवढंच पाहतात; तिच्यात काय मुरलंय, हे कोणी विचारत नाही. मुरूम-डबराचा भराव, त्यावर रोलर, वर काँक्रीटची लादी. खाली पूर्वी केमिकलची पिंपं धुवायची जागा होती की डाईंगचा गाळ टाकायचा खड्डा, ही माहिती लादीखाली कायमची गाडली जाते. त्याच लादीवर मग सॉल्व्हंटची नवी पिंपं येतात, आणि आग लागली की बंबाचं पाणी पिंपांतलं सगळं घेऊन नाल्याला लागतं. अशा आगी इथे इतक्या नेहमीच्या की नुकसान मोजताना जळालेला माल धरतात, भिजलेली जमीन धरत नाहीत.

सल अशी की याच दशकात पैसा होता. २०१० च्या अर्थसंकल्पात कोळशावर टनामागे ५० रुपये बसले आणि राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी उभा राहिला. पुढे २०१४ मध्ये १००, २०१५ मध्ये २००, २०१६ मध्ये ४०० रुपये झाले आणि उपकराचं नाव ‘स्वच्छ पर्यावरण उपकर’ ठेवलं गेलं. २०१०-११ ते २०१७-१८ या काळात ८६ हजार कोटींहून जास्त जमा झाले. निधीत पोचले ३० हजार कोटींच्या आत, आणि प्रकल्पांना मिळाले १६ हजार कोटींच्या आत. जुलै २०१७ पासून कोळशावरची ही वसुली राज्यांना जीएसटीची भरपाई देण्याकडे वळली. त्याच वर्षी १ एप्रिलला तत्कालीन केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्री स्मृती इराणी यांनी भिवंडीत ‘पॉवरटेक्स इंडिया’ योजनेचा प्रारंभ केला. तीन वर्षांसाठी ४८७ कोटी: मागांची सुधारणा, सामूहिक शेड, सूत बँक, सौरऊर्जा. मागवाल्यांना पैसा मिळू नये असं मुळीच नाही, त्यांना तो कमीच पडला. पण ज्या गावात येऊन योजना जाहीर केली, तिथल्या मातीसाठी तिच्यात रकाना नव्हता.

यावर ठरलेला आक्षेप असा, की घाण करील त्याने साफ करावं, लोकांच्या करातून कशाला? तत्त्व म्हणून ते निर्विवाद आहे. पण भिवंडीत गाळा एकाचा, यंत्र दुसऱ्याचं, काम तिसऱ्याचं, आणि भाडेकरार अकरा महिन्यांचा. वीस वर्षांपूर्वीच्या डाईंगवाल्याला शोधून त्याच्याकडून वसुली होईल, असं नियम लिहिणाऱ्यांनाही वाटलेलं नाही. म्हणून तर सरकारी खर्चाची तरतूद केली. लव्ह कॅनॉल इथे वस्तीखाली पुरलेल्या रासायनिक कचऱ्याच्या प्रकरणानंतर अमेरिकेने १९८० मध्ये ‘सुपरफंड’ कायदा केला तो याच अडचणीसाठी. बेवारस जागांचा खर्च पेट्रोलियम आणि रसायन उद्योगांवरच्या करातून, म्हणजे सरसकट करदात्याकडून नव्हे, तर त्या धंद्याकडून. १९९५ मध्ये त्या कराची मुदत संपली, बोजा सर्वसामान्य तिजोरीवर सरकला, आणि तो कर परत आणायला २०२१ आणि २०२२ चे कायदे लागले. आपण मात्र नियम आणायचा आणि पैशाचा नळ बंद करायचा, हे एकाच हंगामात उरकलं. नियम निघाले तेव्हा देशभरात १०३ जागा निश्चित होत्या. काम सुरू झालं होतं ७ ठिकाणी.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: सरकारकडे एवढा पैसाच नाही. मग मुंबईतली देवनारची कचराभूमी पाहा. तिथली १२४ एकर जमीन २०२४ मध्ये धारावीच्या पुनर्वसनासाठी द्यायची ठरली, आणि २०२५ मध्ये मुंबई महापालिकेने कचराभूमी साफ करण्यासाठी सुमारे २,३६८ कोटींची निविदा काढली. पलीकडे घेणारा उभा असला की पैसा निघतो. (कचराभूमी तर नव्या नियमांच्या कक्षेतही येत नाही, तिला स्वच्छ भारतचं वेगळं अनुदान आहे.) भिवंडीत घेणारा लादी टाकून मोकळा झालाय, त्याला सफाईची घाई नाही. ‘जागा वापरात आहे, भाडं येतंय, हमालांना रोजगार आहे, उकरता कशाला,’ असंही विचारलं जातं. सगळीकडे उकरा असं कोणी म्हणत नाही. विंधन घेऊन भूजल तपासलं तर कुठे झाकणं पुरेसं आहे आणि कुठे विष कामवारीकडे सरकतंय, ते कळेल. आज ना उद्या यातल्या काही गोदामांच्या जागी इमारती येणार, तेव्हा तळमजल्यावर राहणाऱ्यांना ही माहिती लागेल.

हा तपासणीचा खर्च तरी इथल्याच जमिनीच्या वाढलेल्या किमतीतून निघू शकतो. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली विकास शुल्क घेतलं जातंच, आणि मोठ्या वाहतूक प्रकल्पांसाठी ते वाढवण्याची तरतूद राज्याने त्याच कायद्यात करून घेतली आहे. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे खांब ज्या जमिनीत रोवले, तिच्या तपासणीसाठी तशीच एक दुरुस्ती विधिमंडळात मांडायला केंद्राच्या निधीची वाट पाहावी लागत नाही.