आमदारांकडे जाताना

आमच्या गावात पायांनी अधू असलेले एक गृहस्थ आहेत. दाखला काढायचा म्हणजे त्यांना ग्रामपंचायतीच्या पाच पायऱ्या हातांवर रेटा देत चढाव्या लागत. बघणारे हळहळत. पण हळहळून पायरी कमी होते का?

गावात सांगून झाले. उपयोग झाला नाही. तेव्हा आम्ही चौघे त्यांना बरोबर घेऊन आमदारांकडे गेलो. बोलायचे काम त्यांच्याकडेच दिले. ज्याचे जळते त्याला कळते! ते म्हणाले, "साहेब, दया नको. कचेरीत सरळ जाता यावे, एवढेच मागतो."

अर्ज लेखी होता. मागणी एकच. आधार 2016 सालच्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्याचा. सार्वजनिक इमारतीत अपंगांना जाता-येता आले पाहिजे, असे तो कायदा सांगतो. शिवाय महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के अपंगांसाठी खर्चायचे असतात. तेही अर्जात लिहिले. नकलेवर पोच घेतली.

आमदारांनी गटविकास अधिकाऱ्यांना पत्र दिले. पुढे दोन हेलपाटे पडले. ग्रामसभेत त्या 5 टक्क्यांचा हिशेबही विचारला. अखेर पायऱ्यांशेजारी सिमेंटचा उतार झाला. आता त्यावरून म्हाताऱ्या बायकाही जातात.

मंडळी, आमदार आपल्याच मतांवर निवडून येतात. त्यांना नमस्कार जरूर करावा, पण मान खाली घालू नये. तुमच्या गावात असे कोणी अडले आहे का? त्यांना विचारा. अर्ज लिहा. आता तुम्हाला लिहिता येते ना?