जुनी मोटार सुरू होत नाहीं तेव्हां

आपल्या आयुर्वेदांत केवळ रोगाच्या निदानाला वाहिलेला 'माधवनिदान' हा स्वतंत्र ग्रंथ आहे. औषध देण्यापूर्वीं रोग ओळखण्यास आपल्या पूर्वजांनीं केवढें महत्त्व दिलें होतें, हें त्यावरून दिसून येतें. मोटारीच्या बाबतींत मात्र आपण हा क्रम उलटा करतों. सकाळीं गाडी सुरू झाली नाहीं कीं एकजण म्हणतो बॅटरी बदला, दुसरा म्हणतो प्लग बदला. आणि दोन्ही बदलूनही ती हटून बसली, म्हणजे "आतां ती म्हातारी झाली" असा निकाल देऊन सर्व मोकळे होतात. परंतु वय हें निदान नव्हे.

बुलढाण्याजवळ पैनगंगेच्या कांठीं वसलेल्या देऊळघाटासारख्या गांवीं हा प्रश्न निव्वळ हौसेचा राहत नाहीं. मोठ्या शहरांत एक गाडी अडली तर दुसरी घटकेंत दाराशीं बोलावितां येते. खेड्यांत मध्यरात्रीं घरांतील वडील माणसाच्या छातींत कळ आली, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते हें खरें. पण ती येईपर्यंतचा काळ फार जड जातो. अशा वेळीं दारांतली गाडी पहिल्या किल्लीस सुरू होते कीं नाहीं, यावर पुष्कळ अवलंबून असतें.

उदाहरणासाठीं पुष्कळ मराठी घरांच्या ओळखीची 'पद्मिनी' घेऊं. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत प्रथम 'फियाट' म्हणून तयार होणारी गाडी ती हीच. २० वर्षांची मुदत भरल्यामुळें मुंबईंतील तिची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्यें रस्त्यावरून गेली. तथापि कित्येक कुटुंबांनीं आपली गाडी अद्याप जपून ठेवली आहे. तिचें १०८९ सी.सी.चें पेट्रोल इंजिन अगदीं साधें. त्यांत संगणक नाहीं. जें बिघडतें तें बहुधा डोळ्यांना दिसतें, कानांना ऐकूं येतें किंवा नाकाला कळतें.

आरंभ कानांनीं करावा. गाडी न्यूट्रलमध्यें ठेवून व हातब्रेक ओढून किल्ली फिरवावी आणि ऐकावें. इंजिन मुळींच फिरलें नाहीं, किंवा नुसतें 'टक् टक्' वाजलें, तर पेट्रोलकडे पाहण्याचें कारणच नाहीं. दोष विजेचा समजावा. पुढचे दिवे लावून पुन्हां सेल्फ मारावा. दिवे एकदम मंदावले तर बॅटरी उतरली आहे, किंवा तिच्या टोकांवर पांढरट-हिरवा क्षार सांचला आहे. दिवे तसेच प्रखर राहिले, तर स्विच, सोलेनॉइड किंवा सेल्फकडे जाणारी वायर पहावी. चांगली भरलेली बॅटरी विसांव्याच्या स्थितींत सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते; १२.२ म्हणजे ती निम्मी रिकामी झाली. क्षार काढतांना ऋण टोकाची वायर आधीं सोडावी आणि खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें टोकें पुसावींत. नवी बॅटरी आणण्यापूर्वीं एवढें अवश्य करावें.

इंजिन झपाझप फिरतें, पण पेट घेत नाहीं, ही दुसरी अवस्था. येथें ठिणगी आणि पेट्रोल या दोहोंची परीक्षा क्रमानें करावी. प्रथम प्लग काढून हुंगावा व पहावा. तो कोरडा असेल तर पेट्रोल पोंचत नाहीं. ओला असेल तर पेट्रोल येतें, पण जळत नाहीं. मग प्लगच्या भोंकापासून दूर, एक सुटा प्लग वायरीस लावून, त्याचें धातूचें अंग इंजिनास टेकवावें आणि दुसऱ्याकडून सेल्फ मारवावा. निळी, कडक ठिणगी उडाली तर उत्तम. पिवळी व क्षीण दिसली, किंवा उडालीच नाहीं, तर डिस्ट्रिब्यूटरची टोपी उघडावी. पावसाळ्यांत तींत दमटपणा सांचतो. तो कोरड्या फडक्यानें पुसला कीं कधीं कधीं एवढ्यानेंच काम भागतें. पॉइंट काळे पडले असतील तर ते साफ करून, गाडीच्या पुस्तकांत दिल्याप्रमाणें त्यांमधील अंतर बसवावें. पुष्कळ जुन्या गाड्यांत तें सुमारें ०.४ ते ०.५ मिलिमीटर असतें. त्यानंतर कंडेन्सर आणि कॉइल यांचा विचार करावा.

ठिणगी चांगली आणि प्लग कोरडा, असें आढळल्यास टांकी, फिल्टर, नळ्या व पंपाचा पडदा असा मार्ग धरावा. येथें एक नवी अडचण लक्षांत ठेवण्यासारखी आहे. २०२३ पासून आपल्याकडे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल विकूं लागले. इथेनॉल पाणी शोषून घेतें आणि जुन्या पद्धतीच्या रबराला मानवत नाहीं. म्हणून नळ्या फुगल्या किंवा चिरल्या आहेत काय, तें पहावें. उलट ठिणगी चांगली असून प्लग ओला असेल, तर चोक बंद करावा, दहा मिनिटें थांबावें आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून सेल्फ मारावा. पाय वरखालीं करूं नये.

या सर्व परीक्षेंत दोन नियम पाळावे. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. नाहींतर कोणत्या उपायानें गुण आला, तें कधींच कळत नाहीं. आणि पेट्रोलचा वास येत असतां ठिणगीची परीक्षा करूं नये, काडी ओढूं नये, मुलांना जवळ येऊं देऊं नये. कार्ब्युरेटरमध्यें वरून पेट्रोल ओतून सेल्फ मारण्याचा जो धाडसी प्रकार कोठें कोठें चालतो, त्यानें गाडीबरोबर माणूसही भाजूं शकतो. सेल्फही दहा सेकंदांहून अधिक वेळ सलग मारूं नये.

एवढें करूनही यश न आल्यास मेस्त्रीला अवश्य बोलवावें. परंतु "गाडी चालत नाहीं" एवढेंच सांगण्याऐवजीं "बॅटरी साडेबारा व्होल्ट आहे, ठिणगी निळी आहे, प्लग कोरडे आहेत" असें सांगतां आलें, तर त्याचें अर्धें काम झालें आणि आपला अनावश्यक खर्चही टळला. घरांतील मुलामुलींनाही हा क्रम शिकवून ठेवावा. त्याला बळ लागत नाहीं, केवळ धीर लागतो. एखाद्या ढिल्या वायरीपायीं वर्षानुवर्षें सेवा केलेली गाडी भंगारांत जाऊं नये, आणि ऐन गरजेच्या रात्रीं ती दारांत निमूट उभी राहूं नये, एवढ्यासाठीं हा सारा खटाटोप.