शेळ्यांच्या अंगणावरचं छप्पर : पाणी साचू देऊ नका



फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट अनेकींना आठवत असेल. पिकं गेली, उघड्यावरची जनावरंही दगावली. गटाचं कर्ज काढून घेतलेली शेळी गेली, तरी हप्ता थांबत नाही. म्हणून अंगणावरच्या छपराकडे आत्ताच बघूया.

आपण ताडपत्री सपाट ताणून बांधतो. मध्ये झोळ पडतो आणि पाणी साचतं. एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागेत दहा सेंटिमीटर पाणी साचलं, तर वजन होतं १०० किलो! म्हणजे तांदळाची दोन पोती. गाराही तशाच साचतात. मग बांबू मोडतो, आणि खाली शेळ्या असतात.

उतार द्या. अंगण दहा फूट रुंद असेल तर एका बाजूच्या मेढी जमिनीवर आठ फूट, दुसऱ्या बाजूच्या पाच फूट ठेवा. दोन फूट खोल गाडायच्या, म्हणून कापतानाच तेवढ्या जास्त धरा. गाडायच्या टोकाला जळकं ऑईल लावा, वाळवी लवकर लागत नाही. पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून खालची बाजू तिकडे करा. उंच बाजू मोकळी राहू द्या, मुताचा वास कोंडत नाही.

खालून आधार द्या. उताराच्या दिशेने दीड-दीड फुटावर बांबू, त्यावर आडव्या कामट्या, वर तारेची जाळी आणि मग ताडपत्री. तारेची नि बांबूची टोकं गोणपाटाने गुंडाळा, नाहीतर ताडपत्री तिथेच फाटते. बांधायला जुन्या ट्यूबच्या पट्ट्या घ्या. वाऱ्याला त्या ताणतात, तुटत नाहीत.

गारांसाठी ताडपत्रीवर चार बोटं पेंढा पसरून वर जुनी जाळी बांधा. गारेचा मार त्यात जिरतो. पावसाळ्याआधी मात्र पेंढा काढायचाच, भिजला की जड होतो. मोठ्या गारा सुरू झाल्या तर शेळ्या पक्क्या गोठ्यात घ्या.

झोळात पाणी दिसलं तर आधी शेळ्या बाहेर काढा. खाली उभं राहून काठीने ढकलू नका.

शेवटी एक सोपी परीक्षा. उंच बाजूने बादलीभर पाणी ओता. सगळं वाहून गेलं तर छप्पर पास. जिथे थांबलं, तिथे आणखी एक बांबू घाला. पुढच्या बैठकीआधी एकमेकींच्या अंगणात जाऊन ही परीक्षा करूया का?