कानातला बिल्ला आणि मधसुरजा

बँकेच्या नोकरीत मी शेळ्या फार पाहिल्या. वाचून हसू येईल, पण ऐंशीच्या दशकात ज्यांनी ग्रामीण शाखेत दिवस काढले ते हसणार नाहीत. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाची ती वर्षं. दहा शेळ्या आणि एक बोकड असा गट, आदिवासी असेल तर निम्मं अनुदान, निम्मं कर्ज. प्रत्येक शेळीचा विमा, आणि विम्याची खूण म्हणून तिच्या कानात नंबरचा बिल्ला. शेळी मेली तर तो बिल्ला कानासकट आणून दाखवायचा. बिल्ला नाही तर दावा नाही. माझ्या लेखी शेळी म्हणजे तो नंबर होता. तिला तोंड असतं, ती ओरडते, हे मी बहुधा विसरून गेलो होतो.

धारणीला माझी बदली १९८७ साली झाली. परतवाड्याहून घाट चढून, सेमाडोह, हरिसाल करत एस.टी. धारणीला टेकेपर्यंत अंगातली हाडं मोजून होत. जिल्हा अमरावती, पण गावाचा ओढा बऱ्हाणपूर-खंडव्याकडे. बाजाराच्या दिवशी कोरकू, हिंदी, निमाडी आणि आमची वऱ्हाडी एकाच तराजूत तोलली जायची. वीज मनाला येईल तेव्हा जायची. बिऱ्हाड अकोल्याला, मी एकटा. करमणूक म्हणजे शाखेचे हेड कॅशियर आणि त्यांचा सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर.

हे गृहस्थ खंडव्याचे मराठी. वयानं वडील, म्हणून मी त्यांना काका म्हणायचो. हुद्द्यानं मी वरचा, म्हणून ते मला साहेब म्हणायचे. त्यांच्याकडे पत्र्याच्या पेटीत कॅसेट होत्या आणि त्यातल्या बहुतेक कुमार गंधर्वांच्या. मी नाक मुरडलं. आमच्या घरी बाबा नाट्यसंगीतातले आणि भीमसेनांचे भक्त. कुमारांबद्दल त्यांचं ठरलेलं मत होतं, "हा माणूस गाणं मध्येच सोडून देतो." तेच मत मी वारसाहक्कानं बाळगलं होतं.

१९८८ च्या मार्चअखेरीस वसुलीसाठी फिरत होतो. तापीच्या बाजूच्या एका पाड्यावर एक कोरकू म्हातारी होती. दहातल्या चारच शेळ्या उरलेल्या, दोन हप्ते थकलेले. मी सांगितलं, एक शेळी बाजारात विक आणि हप्ता भर. नियमाला धरूनच होतं ते. बाजारात ती आली. गिऱ्हाइकानं निवडली ती दुभती शेळी. म्हातारी माझ्याकडे वळून एवढंच म्हणाली, "साहेब, इसका बच्चा घर में है." मी दोनशे दहा रुपये मोजून घेतले आणि पावती फाडली. पावती अगदी बिनचूक होती.

पावसाळ्यात एका रविवारी दुपारी काकांनी एक टेप लावली. राग मधसुरजा. माथ्यावर सूर्य असतानाचा, कुमारांनी स्वतः बांधलेला. शब्द माळवी वळणाचे, मला नीट लागेनात. कोणी बाई घरी राहिलेल्या लेकरासाठी आईला साद घालते आहे, एवढं कळलं. मी शहाणपणानं म्हणालो, "नायिका माहेरची आठवण काढते आहे का?"

काका म्हणाले, "साहेब, ही नायिका नाही. बकरी आहे."

देवासला देवीची टेकडी आहे. चामुंडा आणि तुळजाभवानी, दोन्ही तिथं. तिच्या पायथ्याशी कुमारांचं घर. बळी द्यायला शेळ्या त्या वाटेनं नेल्या जात. तशी एक शेळी देवीला सांगते आहे, आई, मला वाचव, घरी माझं पिल्लू एकटं आहे. जिच्यापुढं मान कापली जाणार, तिच्याकडेच ती दाद मागते आहे, कारण दुसरं कोण आहे तिला? बंदिशीत रडारड नाही. एक साद आहे, ती पुन्हा पुन्हा येते आणि दर वेळी जरा वेगळ्या ठिकाणी लागते. मी काकांना टेप बंद करायला सांगितलं. का, ते त्यांना त्या दिवशी सांगितलं नाही.

आपल्याकडे रचनाकाराला विचारतो कोण? आपण गायकावर प्रेम करतो. सदारंगाचं नाव उरलं तेही बंदिशीच्या शब्दांत गुंफलं गेलं म्हणून. युरोपात मोझार्टची रचना कोणी वाजवली हे दुय्यम, इथं उलटं. मी मात्र कुमारांच्या प्रेमात पडलो ते त्यांच्यातल्या रचनाकाराच्या. सासू-नणंद, पिया परदेस, पायातले पैंजण, एवढ्यातच शतकानुशतकं फिरणाऱ्या ख्यालात त्यांनी एका शेळीचं गाऱ्हाणं आणून ठेवलं, आणि रागाला कुठं ओरखडा उमटू दिला नाही.

२०२४ साली त्यांची जन्मशताब्दी झाली, तेव्हा लेखांचा पाऊस पडला. बहुतेकांत ते एक फुप्फुस होतंच. मला त्याचा कंटाळा येतो. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेला, मुंबईत प्रो. देवधरांकडे शिकलेला हा तरुण क्षयानं आजारी होऊन १९४८ साली देवासला आला, पाच-सहा वर्षं अंथरुणावर पडून राहिला, गाण्याला बंदी होती, हे सगळं खरं. स्ट्रेप्टोमायसिन निघालं म्हणून तो वाचला हेही खरं. पण दम कमी म्हणून तुकड्यातुकड्यांनी गायला, असं म्हणणं म्हणजे हिशेब अर्धाच लिहिणं. पडल्यापडल्या त्यांनी ऐकलं. दळणाऱ्या, लग्नघरी गाणाऱ्या बायका, दारावरून जाणारे नाथपंथी. त्या चार-पाच सुरांच्या धुनांतून राग कसा उगवतो ते त्यांनी पाहिलं आणि त्यातून स्वतःचे राग काढले, मालवती, लगनगंधार, संजारी. १९६५ साली मौज प्रकाशनानं काढलेल्या 'अनूपरागविलास'मध्ये त्या रचना स्वरलिपीसह आल्या. निरोगी गवई त्या वर्षांत मैफिली करत गावोगाव फिरला असता. खिडकीखालून जाणारी शेळी त्याला ऐकू आली असती का?

हे पटल्यावर मला धारणीही वेगळी ऐकू येऊ लागली. फगव्याला कोरकू बाया रस्ता अडवून गाणी म्हणत, ढोल वाजत, तेव्हा पूर्वी मी जीपची काच वर करायचो. आता उतरून उभा राहायचो. ते सूर मला ओळखता येत असत असं नाही. काका मान डोलवायचे, मी त्यांच्याकडे बघून डोलवायचो.

त्या पाड्यावर दिवाळीनंतर पुन्हा गेलो. म्हातारीनं न विचारताच ते पिल्लू दाखवलं. शेजारणीच्या शेळीला लावून तिनं ते जगवलं होतं. बरंच वाढलं होतं, कानात बिल्ला नव्हता. माझ्या कर्जखात्यात ते कुठेच नव्हतं. मी तिच्या उरलेल्या हप्त्यांची मुदत वाढवून देण्याची शिफारस केली. ती मंजूर झाली. नियमात ती सोय आधीपासून होती. मार्चमध्ये मी ती वापरली नव्हती, एवढंच.

१९९० साली बदली होऊन अकोल्याला आलो. काकांनी निघताना मधसुरजाची टेप हातात ठेवली. घरी ती मी एकटाच ऐकत असे. बाबा खोलीतून उठून जात. म्हातारीची गोष्ट मात्र मी त्यांना सांगितली होती. ते काही बोलले नव्हते.

१२ जानेवारी १९९२ रोजी कुमार देवासला गेले. बातमी आली तेव्हा बाबा पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "ती शेळीची चीज आहे का रे तुझ्याकडे?" मी टेप लावली. डोळे मिटून ऐकली त्यांनी. संपल्यावर म्हणाले, "पुन्हा लाव." दुसऱ्यांदाही पूर्ण ऐकली.

मग विचारलं, "त्या पिल्लाचं पुढं काय झालं?"

"जगलं, बाबा," मी म्हणालो.