आडनावामागे हरवलेली आजी

सोनईत राहणाऱ्या माणसाला कुणी सोनईकर म्हणत नाही. गावातल्या गावात गावाची ओळख कशाला लागते? ‘कर’ हा प्रत्यय चिकटतो तो वेस ओलांडल्यावर! आमचेच पाहा ना. सोनईस होतो तोवर आम्ही कुळकर्णी. पणजोबा पोटासाठी पुण्यास गेले आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्यांना सोनईकर करून टाकले. त्यांचे धाकटे बंधू गावीच राहिले. त्यांचा वंश कुळकर्णीच राहिला. सख्ख्या भावांची दोन आडनावे! पुढे १९५० च्या कायद्याने कुळकर्णी वतने संपली. दप्तर गेले, आडनाव उरले.

हा घोळ आपल्याकडेच आहे असे मात्र समजू नका. सतराव्या शतकात फ्रान्समधून कॅनडात, क्वेबेकला जाऊन राहिलेल्या लोकांतही मूळ आडनावापुढे ‘दि’, म्हणजे आपले ‘उर्फ’, घालून दुसरे नाव जोडण्याची चाल होती. शिपायांना तर ते पलटणीतच मिळे. पुढे ‘ऊदों उर्फ बोल्यू’ या एकाच कुळातली काही घरे ऊदों म्हणवू लागली, काही बोल्यू! वंशावळ शोधणाऱ्याची पुरती भंबेरी उडते. पण त्यांची एक सोय आहे. तिथल्या चर्चच्या वह्यांत बाप्तिस्मा, लग्न, दफन यांची नोंद होई आणि लग्नानंतरही बाईचे नाव माहेरच्याच आडनावाने लिहीत. त्यामुळे पणजीची पणजीसुद्धा सापडते.

आपल्याकडे काय? मी नाशिकला आमच्या तीर्थोपाध्यायांकडे गेलो. गाव सांगितले, आडनाव सांगितले. त्यांनी बासनातून वही काढली. पणजोबांची मोडीतली सही पाहून अंगावर काटा आला! त्यांचे वडील, आजे, चुलते, मुलगे, सारे ओळीने हजर. आजीच्या जागी मात्र एकच शब्द होता: ‘लक्ष्मी’. ते सासरी तांदळात लिहिलेले नाव. माहेर कोणते, माहेरचे नाव काय, याचा पत्ता नाही. सोनईजवळच्या शिंगणापुरात घरांना दारे नाहीत म्हणतात. आमच्या कुळात आजीकडे जाणारे दार मात्र घट्ट बंद!

आपल्याच जिल्ह्यातल्या चोंडीची शिंद्यांची लेक होळ गावावरून होळकर झालेल्या घरात सून म्हणून गेली. २०२४ साली जिल्ह्याला त्यांचे नाव मिळाले. अहिल्यादेवींचे माहेर इतिहासाने जपले. आमच्या आजीचे कोण जपणार?

उपाध्यायांनीच वाट दाखवली. ते म्हणाले, “अहो, तीर्थश्राद्धात बापाच्या तीन पिढ्यांबरोबर आईच्या वडिलांच्याही तीन पिढ्यांची नावे घ्यावी लागतात. तुमच्या वडिलांनी ती घेतली असणारच. घरात कुणा वडीलधाऱ्यांना विचारा.”

वडील हयात नव्हते. शहाऐंशी वर्षांच्या आत्याबाईंना विचारले. श्राद्धाची नावे त्यांना सांगता येईनात. मग त्या एकदम म्हणाल्या, “भाऊबिजेला घोडेगावचा मामा यायचा बैलगाडीतून. दारातूनच हाक मारायचा, ‘ठकू, पाट मांड गं!’ आई तेवढा एकच दिवस ठकू असायची.”

घोडेगाव सोनईपासून फार दूर नाही. गावाचे नाव हाती आल्यावर त्या घराण्याची वही शोधणे अवघड गेले नाही. मामांच्या सहीखाली लिहिले होते: ‘भगिनी ठकू, दिली सोनई.’ पन्नास वर्षे आमच्या घरात राबलेली बाई मला तिथे, तिच्या भावाच्या ओळीखाली भेटली.

१ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्रात आता आईचे नाव वडिलांच्या आधी लागते. ठीक झाले, पण त्यात आईचे माहेर येत नाही. ते काम घरच्यांचेच. तेव्हा वाचकहो, यंदा भाऊबिजेला ताट उचलण्यापूर्वी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईजवळ वही-पेन्सिल घेऊन बसा आणि विचारा: आजी, लग्नाआधी तुला काय म्हणत? तुझ्या आईला काय म्हणत? आणि तिचे माहेर कुठले?