पाठीसाठी कप्पीचा दांडा

जुम्मादादा व्यायाममंदिराच्या बडोद्यातही आज कचेरीच्या टेबलाशी वाकलेल्या पाठी पुष्कळ दिसतात. अशांना आम्ही आधुनिक व्यायामशाळेतील कप्पीचा दांडा सुचवू. सिंगलबारला लोंबकळून स्वतःचा सारा भार उचलणे प्रत्येकास साधत नाही. तारेने वजनांना जोडलेल्या या दांड्यावर भार शक्तीप्रमाणे ठेवता येतो. मांड्या गादीखाली पक्क्या रोवून, छाती उघडी ठेवून दांडा गळ्याच्या हाडापाशी आणावा. ओढ मनगटांची नव्हे, कोपरांची हवी. तरच काखेपासून कमरेपर्यंत पसरलेला रुंद स्नायू कामास लागतो. मानेमागे दांडा ओढण्याची हौस आम्हांस मान्य नाही. तीत खांद्यांवर नाहक ताण येतो. वर जाताना दांडा सावकाश सोडावा. आठ-दहा आवर्तने, आठवड्यातून दोनदा, आरंभी पुरेत. खांद्यात कळ आल्यास तत्काळ थांबावे.